वाघाचा फोटो कुणी काढला?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आज बचतीचा हिशोब नाही, हप्त्याची आठवण नाही. आज फोटोबद्दल बोलायचं आहे. लग्नातल्या फोटोबद्दल नाही, रानातल्या जनावराच्या फोटोबद्दल.

2024 चा डिसेंबर आठवतो ना? तूर वाळत आली होती, हरभरा फुलात होता, ज्वारीला पाणी द्यायला रात्रीच्या लाईटची वाट बघणं चालू होतं. तेवढ्यात सगळ्यांच्या मोबाईलवर एकच बातमी आली, येडशीच्या रामलिंग अभयारण्यात वाघ दिसला. तोंडी बातमी असती तर निम्म्या जणींनी हसण्यावारी नेली असती. पण सोबत फोटो होता. मग काय, संध्याकाळी सातची मीटिंग चारला घ्यावी लागली, आणि चारलाही निम्म्या जणी आल्या नाहीत. त्या मीटिंगला एक आजी आल्या होत्या. सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आगं, पर त्यो फोटू काढला कुणी? आन् काढणाऱ्याला वाघानं सोडलं कसं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी जाताना लक्षात आलं की प्रश्न बरोबर होता आणि मला त्याचं धड उत्तर येत नव्हतं. ते मी नंतर शिकून घेतलं. आजचं बोलणं त्या आजींच्या प्रश्नाचं उत्तर आहे, थोडं लांबलेलं.

फोटो कुणीच काढला नव्हता. झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यानं काढला होता. वन विभाग त्याला कॅमेरा ट्रॅप म्हणतो. ट्रॅप म्हणजे सापळा, पण यात जनावर अडकत नाही, त्याचं फक्त चित्र अडकतं. डब्याएवढी ती पेटी असते, सेलवर चालते, आणि जनावराच्या वाटेवर साधारण आपल्या गुडघ्याच्या उंचीवर झाडाला पट्ट्यानं आवळलेली असते. अंगाची ऊब असलेलं काही तिच्यापुढून हललं की आपोआप फोटो निघतो. बँकेच्या दारात माणूस आला की दिवा आपोआप लागतो ना, तसंच. रात्री ती असा उजेड टाकते की तो आपल्याला जवळजवळ दिसतच नाही. फोटोवर तारीख आणि वेळ छापली जाते. दोन-चार दिवसांनी वनरक्षक येतो, आतलं कार्ड काढतो आणि बघतो कोण कोण येऊन गेलं. बहुतेक वेळा शेळ्या, कुत्री, ससे, मोर आणि आपणच.

वाघासाठी वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर कॅमेरे लावतात. एकच का नाही? कारण वाघाचे पट्टे आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे असतात. एका वाघाचे दुसऱ्यासारखे नसतात. इतकंच नाही, एकाच वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीवर नसतात. म्हणून दोन्ही बाजूंचे फोटो लागतात. आपल्या वाघाचं असंच झालं. फोटोतले पट्टे जुन्या नोंदींशी ताडून पाहिले, तेव्हा कळलं की हा यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला तरुण नर आहे. कुठं पांढरकवड्याजवळचं टिपेश्वर आणि कुठं आपलं येडशी! वर्तमानपत्रांनी चालीचा अंदाज साडेचारशे किलोमीटरच्या पुढे धरला होता. मध्ये किती शेतं, किती डांबरी रस्ते, किती नद्या, किती गावं! एवढ्या वाटेनं तो आला, आणि तो कुठला हे सांगितलं फोटोनं.

टिपेश्वरहून असं निघणारा तो पहिलाच नाही. 2019 मध्ये तिथलाच एक वाघ निघाला आणि तेलंगणाच्या हद्दीतून फिरत फिरत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या गळ्यात रेडिओचा पट्टा होता, म्हणून त्याची चाल मोजता आली, ती तीन हजार किलोमीटरच्या घरात गेली. तरुण नर मोठा झाला की त्याला आपलं वेगळं रान लागतं. आपल्याकडे माहेर सोडायचं लेकीनं, वाघांत ते काम पोराकडे असतं.

आपल्या पाहुण्याला पकडण्यासाठी नव्या वर्षात चंद्रपूरकडून पथक आलं. बेशुद्ध करून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सोडायचं ठरलं होतं. आठवड्यामागून आठवडे शोध चालला, पण त्या मोहिमेत तो कुणाच्या हाती लागला नाही. कधी आपल्या जिल्ह्यात, कधी शेजारच्या बार्शी तालुक्यात गाय-वासरू मारल्याची बातमी यायची. येडशीचं अभयारण्य आहे साधारण 22 चौरस किलोमीटरचं. वाघाला ते म्हणजे आपल्याला ओसरी. तो शिवारात येणारच होता.

असे कॅमेरे आता देशभर लागतात. 2018 च्या व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी ते लावले होते. जवळजवळ साडेतीन कोटी फोटो निघाले आणि त्यात वाघाचे होते 76,651. म्हणजे पाचशे फोटोंत एकदाच्या आसपास वाघ. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्या गावातल्या पोरांच्या मोबाईलमध्ये दर दिवसाआड वाघ असतो.

तर आता त्या पोरांच्या फोटोंकडे वळते. त्या दोन-तीन महिन्यांत माझ्याकडे वेगवेगळ्या गावांतून एकच फोटो चार वेळा आला. चारही वेळा खाली लिहिलेलं, "आपल्या शिवारात, आत्ताच." एका फोटोत मागे साल-सागासारखी उंच सरळ झाडं आणि दाट धुकं. मी विचारलं, "आपल्याकडं एवढी झाडं कुठल्या शिवारात आहेत, मला दाखवा, आपण सरपण आणू." आता तर संगणकावर बनवलेले बिबटेही निघालेत. दारात बसलेले, ट्रॅक्टरवर बसलेले. अशा फोटोनं काय होतं, ते आपण भोगलंय. खुरपणीला बाई जात नाही, तिची मजुरी बुडते. मुलीची शाळा आठवडाभर बंद होते, आणि मुलाची मात्र होत नाही. म्हणून फोटो आला की पुढं ढकलण्याआधी तीन गोष्टी विचारा. काढणाऱ्याचं नाव काय? तो स्वतः तिथं होता का? मागं दिसणारं रान आपलं आहे का? "दुसऱ्या ग्रुपवर आला" एवढंच उत्तर मिळालं, तर तो फोटो आपल्या मोबाईलवरच थांबवा.

आता थोडं लांब जाऊ, मग परत आपल्या गोठ्यात येऊ.

टीव्हीवर आफ्रिकेच्या जंगलाचे कार्यक्रम लागतात, बघितले असतील. उघडी गाडी, त्यात टोपी घातलेले लोक, हातभर लांबीचे कॅमेरे, आणि समोर गवतात सिंह. त्याला सफारी म्हणतात. हा शब्द आपल्याला परका नाही. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत सफारी म्हणजे प्रवास. तो अरबीतून आला, आणि आपला 'सफर' त्याच घरातला. केनिया, टांझानिया या देशांत दरवर्षी दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट नावाची जनावरं चाऱ्या-पाण्यामागं स्थलांतर करतात. तोंड गाईसारखं, पाठ उतरती, आयाळ घोड्यासारखी. आपल्याकडचे मेंढपाळ वाडा घेऊन जातात, तसंच ते. वाटेत मारा नदी लागते, नदीत मगरी. तो नदी ओलांडायचा फोटो मिळावा म्हणून जगभरातून लोक लाखो रुपये खर्चून येतात. 2025 च्या जुलैत तिकडचा एक व्हिडिओ सगळीकडे फिरला. पर्यटक गाडीतून उतरून थेट काठावर जाऊन उभे राहिले होते, आणि कळपाला पाण्यात उतरायला, वर चढायला वाटच उरली नव्हती. ज्याचा फोटो काढायचा, त्याचीच वाट अडवली.

आफ्रिकेला नावं ठेवायचं कारण नाही. येडशीच्या वाघाची बातमी ज्या महिन्यात आली, त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी, 31 डिसेंबर 2024 ला, नागपूरकडच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण पाच बछड्यांना घेऊन रस्त्यावर आली. दोन्हीकडून जिप्सी आल्या आणि मधोमध ती माय पोरांसकट अडकली. सगळे मोबाईल वर. त्याचेही व्हिडिओ फिरले, आणि जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून त्याची दखल घेतली. ताडोब्यात तर त्याआधीपासून, 2018 पासून, गाभ्याच्या जंगलात पर्यटकांना मोबाईल नेऊ देत नाहीत. मोबाईलमध्ये फोटो काढायला जवळ जावं लागतं, जवळ जायला ड्रायव्हरवर दबाव येतो, ड्रायव्हर गाडी घुसवतो, हा सगळा त्रास त्यात आहे. लांब पल्ल्याच्या कॅमेऱ्याला बंदी नाही, कारण तो लांब उभा राहूनही चालतो.

ताडोब्याचं नाव निघालं म्हणून सांगते, तिथं आसपासच्या गावांतल्या बायका गाईड झाल्या आहेत, जिप्सी चालवायलाही शिकल्या आहेत. आणि वाघ नाही म्हणून आपण अगदीच कोरडे, असंही नाही. पुणे जिल्ह्यात इंदापूरजवळ कडबनवाडी आणि बारामतीजवळ शिर्सुफळ इथं वन विभागानं 2024 पासून गवताळ माळाची सफारी सुरू केली आहे. तिथं लोक काय बघायला येतात? लांडगा, खोकड, तरस, चिंकारा. म्हणजे आपल्या माळावर जे फुकट फिरतंय आणि ज्याला आपण दगड मारतो, ते. आपल्याकडे असं काही होईल का, मला सांगता येणार नाही. पण झालं, तर चहाची टपरी नवऱ्याची आणि भांडी आपली, असं होऊ नये म्हणून आत्तापासून डोक्यात असू द्या.

आता गोठ्यात येते. हे सांगताना मला बरं वाटत नाही, पण सांगायला हवं.

आमच्या एका गटातल्या काकूंनी गटाच्या कर्जातून दोन उस्मानाबादी शेळ्या घेतल्या होत्या. चांगल्या काळ्याभोर, लांब कानांच्या, एक गाभण. एका पहाटे गाभण शेळी वाड्याच्या बाहेर मरून पडलेली दिसली. काकूंनी पहिला फोन मला केला. मी गेले. लोक जमलेले, लहान मुलं घाबरलेली, ऊन चढत चाललेलं. कुणी लांडगा म्हणत होतं, कुणी बिबट्या, कुणी वाघच. मी फोटो काढला, तो शेळीच्या तोंडाचा. अगदी जवळून. मग म्हणाले, "काकू, आता पुरून टाका, वास सुटेल." दुपारपर्यंत पुरली. वन विभागाला कळवलं दुसऱ्या दिवशी. वनरक्षक आला, भला माणूस होता. त्यानं विचारलं, "शेळी कुठं आहे? जखम कुठं होती? ठसे होते का?" मी मोबाईल पुढं केला. त्यात शेळीचं तोंड होतं, डोळे उघडे. जखम नाही, जमीन नाही, वाडा नाही. तो म्हणाला, "ताई, पंचनामा मी कशाचा करू?"

भरपाई मिळाली नाही. काकूंनी ते कर्ज खुरपणीच्या मजुरीतून फेडलं, एक हप्ता न चुकवता. मला त्या एका शब्दानंही बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

म्हणून आता नीट ऐका, आणि जिला लिहिता येतं तिनं लिहून घ्या. वाघ, बिबट्या, लांडगा, तरस अशा जनावरानं आपलं जनावर मारलं, तर सरकारकडून भरपाई मिळते. त्यासाठी 48 तासांच्या आत वन विभागाला कळवावं लागतं, आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागचं हलवायचं नसतं. म्हणजे आधी फोन, मग फोटो. वन विभागाचा मदत क्रमांक 1926 आहे. आपल्या बीटच्या वनरक्षकाचा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कुत्र्या-कावळ्यांपासून सांभाळायला बोऱ्याट किंवा ताडपत्री टाका, पण ओढू नका.

मग फोटो. पहिला फोटो लांबून काढा, त्यात जनावर, वाडा, झाड, बांध असं सगळं आलं पाहिजे. बघणाऱ्याला जागा ओळखू आली पाहिजे. दुसरा पूर्ण जनावराचा. तिसरा जखमेचा, मान असो की मांडी. चौथा कानातल्या बिल्ल्याचा, असला तर. पाचवा ठशांचा. ठसे असतील तिथं माणसांना फिरू देऊ नका, एखादं घमेलं पालथं घालून ठसा झाका. फोटो काढताना ठशाशेजारी काडेपेटी ठेवा आणि बरोबर वरून काढा, तिरका नको. काडेपेटी कशाला? नुसत्या फोटोत मांजराचा ठसाही वाघाएवढा दिसतो. शेजारी काडेपेटी असली की माप कळतं. सकाळच्या किंवा उतरत्या उन्हात ठसा उठून दिसतो, भर दुपारी चपटा दिसतो.

ठसा थोडा वाचताही येतो. वाघ-बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतात, त्यामुळे त्यांच्या ठशात नखं दिसत नाहीत. कुत्रा, लांडगा, कोल्हा, तरस यांच्या ठशात बोटांपुढं नखांची टोकं उमटतात. बिबट्याच्या ठशापेक्षा वाघाचा बराच मोठा. पण निकाल आपण द्यायचा नाही. आपण फोटो द्यायचा, निकाल वन विभाग देईल.

घरकुलाला, शोषखड्ड्याला आपण जिओ टॅगचा फोटो काढतो, ज्यावर तारीख, वेळ, जागा छापून येते. तेच ॲप इथं वापरा. साधा फोटो काढला, तर मोबाईलची तारीख बरोबर आहे का ते आधी बघा. आमच्या एका गटातल्या ताईच्या मोबाईलवर अजून 2019 चालू आहे. आणि फोटो वनरक्षकाला व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल, तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवला की त्याच्या पोटातली तारखेची आणि जागेची माहिती निघून जाते.

पण हाच जिओ टॅग जिवंत जनावराच्या फोटोवर असेल आणि तो फोटो गावच्या ग्रुपवर टाकला, तर? दक्षिण आफ्रिकेत गेंड्याच्या शिंगासाठी चोरटी शिकार होते. तिथं पर्यटकांना सांगतात की गेंड्याचा फोटो टाकताना जागेची माहिती बंद ठेवा, कारण शिकारीही तोच फोटो बघतो. आपल्याकडे गेंडा नाही, पण काळवीट आहे, मोर आहे, खवल्या मांजर आहे. मांडूळ तर विचारूच नका. "दोन तोंडांचा साप, लाखात विकला जातो" असले व्हिडिओ काढून गिऱ्हाईक शोधणारी पोरं आपल्या ओळखीत असतील. मांडळाला दोन तोंडं नसतात, शेपूट बोथट असते एवढंच. त्याला पकडणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो व्हिडिओ पोलिसांच्या हातात आयता पुरावा असतो. मुलाला वेळीच सांगा. जनावर दिसलं तर जागेसकट माहिती वनरक्षकाला द्या, बाकी कुणाला नाही.

आपल्यातल्या पुष्कळ जणी दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. जुन्नर-शिरूरकडे बिबट्याची मादी उसातच वितं. तोड चालू असताना मांजराएवढी पिल्लं सापडतात. मग पोरं ती हातात घेतात, मांडीवर घेतात, फोटो काढतात, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देतात. माय जवळच असते, दिसत नसते. तिथं आता वन विभाग काय करतो, ऐका. पिल्लू सापडलं त्याच जागी संध्याकाळी टोपलीत किंवा खोक्यात ठेवतात, समोर झाडाला तोच आपला कॅमेरा बांधतात आणि सगळी माणसं लांब जातात. रात्री आई येते, पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. कॅमेरा ते टिपतो, सकाळी कार्ड बघून खात्री होते. पिल्लू दिसलं तर हात लावायचा नाही, मुकादमाला सांगून त्या फडाचं काम थांबवायचं आणि फोन करायला लावायचं. मुकादम कुरकुर करेल. करू द्या. पिल्लाला शोधत मादी फिरते तेव्हा कोपीत आपली मुलं झोपलेली असतात.

आता एक गोष्ट जरा अवघड आहे. पण आपण बायकाच ऐकतोय, म्हणून बोलते. कॅमेरा ऊब आणि हालचाल बघतो. तो वाघ आणि बाई यांत फरक करत नाही. उत्तराखंडात कॉर्बेट नावाचं वाघांचं मोठं जंगल आहे. केंब्रिज विद्यापीठातल्या एका अभ्यासकानं तिथल्या गावांत महिनोन्महिने राहून केलेला अभ्यास 2024 च्या नोव्हेंबरात छापला गेला. तिथल्या बायका सरपणाला, गवताला जंगलात जातात. घरात मोठ्यानं बोलायची सोय नसते, तिथं मनमोकळं बोलतात, गाणी म्हणतात. गाण्याचा उपयोगही असतो, आवाजानं जनावर बाजूला होतं. झाडांवर कॅमेरे आल्यापासून त्यांचे आवाज बसले. कोण बघतंय, कोण ऐकतंय, या धास्तीनं. आणि धास्ती खोटी नव्हती. एका बाईचा नको त्या वेळचा फोटो कॅमेऱ्यात आला आणि तो बाहेर फिरवला गेला. चिडून गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले.

मला कॅमेऱ्याविरुद्ध बोलायचं नाही. त्याच्यामुळेच आपल्याला कळलं की वाघ खरा आहे, एकच आहे, आणि कुठला आहे. तो फोडणं तर चूकच, तो सरकारी आहे आणि फोडला तर उद्या वाघ आपल्या शिवाराकडं वळलाय हेही कळणार नाही. पण आपल्या सरपणाच्या वाटेवर, आपण ज्या बाजूला बाहेरच्याला जातो त्या बाजूला कॅमेरा लागला असेल, तर ते आपल्याला माहीत असलं पाहिजे. ग्रामसभेत विचारा. कॅमेरे कुठल्या वाटांना आहेत? तिथं पाटी का नाही? माणसांचे फोटो आले तर ते कोण बघतं, पुसतं कोण? प्रश्न लेखी द्या, गटाच्या लेटरपॅडवर, आणि पोच घ्या. एकटीनं विचारलं तर लोक हसतील. दहा जणी उभ्या राहिल्या की हसत नाहीत, हा अनुभव आपल्याला दारूबंदीपासून आहे.

रामलिंगच्या दर्शनाला जाल तेव्हाचंही सांगून ठेवते. वानराच्या हातात केळं देऊन सोबत फोटो काढायची हौस सगळ्यांना असते. मलाही होती. गेल्या वेळी वानरानं केळं सोडून माझी पिशवी ओढली, पिशवीत गटाचं पासबुक होतं. ते परत मिळवायला अर्धा तास आणि पाव किलो शेंगदाणे गेले. अभयारण्यात जनावराला डिवचणं, त्रास देणं हा गुन्हा आहे, आणि खायला घालून घालून आपण त्याला पिशवी ओढायला शिकवतो. फोटो काढा, लांबून काढा, हात रिकामे ठेवा.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटातून एक जण मोबाईल आणि एक काडेपेटी घेऊन या. समाजमंदिरामागच्या ओल्या मातीत कुत्र्यांचे भरपूर ठसे आहेत, त्यांच्यावरच फोटोचा सराव करू. काकूही येणार आहेत. त्यांनी यंदा पुन्हा दोन शेळ्या घेतल्यात, आणि वाड्याच्या फळीवर नातवाकडून खडूनं मोठ्या आकड्यात लिहून घेतलंय, 1926.